निंबापासून बाभळीपर्यंत

बाबा, पंधरा दिवस झाले, तुमच्याशी बोलायचं बोलायचं म्हणते आणि रोज ड्युटीवरून आल्यावर उद्यावर ढकलते. आज सुट्टी आहे. आई शेजारी पापड लाटायला गेली आहे, घरात कुणी नाही, म्हणून बसले एकदाची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचं नाव निघालं तर आई आता डोळ्याला पदर लावत नाही, नुसती हसते आणि म्हणते, भाजीत मीठ कमी पडलं तरी त्या माणसानं कधी सांगितलं नाही. तुम्ही असताना मी तुम्हाला एक ओळसुद्धा लिहिली नाही. लिहिण्यासारखं काय होतं? सकाळी तुम्ही काळीपिवळी जीप घेऊन निघायचात, संध्याकाळी तिच्यासकट घरी यायचात, आणि मधल्या वेळात शेलूबाजारच्या स्टँडवर कुणालाही विचारलं तरी तुम्ही कुठं सापडाल ते कळायचं.

माझी बदली फाट्यावर झाली आहे. कुठल्या फाट्यावर ते तुम्हाला सांगायला नको. पोलीस चौकी आता तिथं नाही, निंबाचं झाड नाही आणि पलीकडची बाभूळही नाही. रस्ता रुंद केला तेव्हा दोन्ही गेली. पण लोकांच्या तोंडी ती अजून उभी आहेत. निंबापाशी उतरव म्हणतात, बाभळीपाशी थांब म्हणतात. चौकीच्या जागी आमचे दोन बॅरिकेड, एक मोठी छत्री आणि माझ्या हातात चालानचं यंत्र. फोटो काढला की दंड थेट गाडीवाल्याच्या मोबाइलवर जातो. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, हे तं पोस्टमनपेक्षा जलद हाय. पण यंत्र नवं आलं म्हणून माणूस नवा येत नाही. पोरं हेल्मेट कोपरात अडकवून येतात, निंबापाशी डोक्यात घालतात आणि बाभळीपाशी पुन्हा कोपरात. जणू डोकं फुटायचं तर तेवढ्याच पट्ट्यात फुटणार. चारचाकीवाले पट्टा छातीवरून ओढून हातानं नुसता धरून ठेवतात, खटका लावायचेही कष्ट नकोत. मला राग येतो, आणि रागाच्या मागोमाग तुम्ही आठवता. तुम्ही म्हणायचात, "पोलिसाले भ्यावं मानसानं. रस्त्याले काय भ्यायचं? रस्ता तं घरचा हाय."

घरचाच होता तो तुमचा. त्यावरचा प्रत्येक खड्डा तुम्ही सोयऱ्यासारखा ओळखायचात. गाडीत तुमच्या उजव्या हातालाही एक माणूस बसलेला असायचा, तुम्ही निम्मे आत आणि निम्मे बाहेर, आणि गिअर टाकायचा झाला की आधी कुणाला तरी सांगायचात, "भाऊ, पाय बाजूले घ्या." मागं दोघी-तिघी मांडीवर, टपावर गाठोडी, मागच्या पायरीवर लटकलेले चार जण. ब्रेकला हात लावणं, खरं तर पाय लावणं, म्हणजे तुमच्या मते नवख्याची खोड. मला हे सगळं तेव्हा फार भारी वाटायचं. आमच्या वर्गात कुणाचेच बाबा इतक्या माणसांना एका वेळी घेऊन फिरत नव्हते.

आणि मग चौकी यायची. तिच्या अलीकडे निंबाखाली तुम्ही गाडी थांबवायचात आणि मागं वळून म्हणायचात, "चला बाप्पा, जास्तीचे उतरा. पायी पायी निंघा, बाभळीपाशी भेटतो." कुणी कुरकुर करायचं नाही. नऊ जण गाडीत राहायचे, बाकीचे रस्त्याच्या उजव्या कडेनं, तुरीच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं, चौकीच्या अगदी समोरून चालत जायचे. म्हातारा जमादार बाजेवर बसून चहा पीत त्या रांगेकडे बघायचा, आणि मग तुमच्याकडे बघून विचारायचा, "किती हायेत?" तुम्ही म्हणायचात, "नऊ, साहेब." तो खाली वाकून मोजायचा, खरोखर नऊच भरायचे. तुम्ही खोटं बोलत नव्हतात आणि तोही कामात कसूर करत नव्हता. कायदा पाळायचा तेवढा त्या दोन झाडांच्या मध्ये सगळे मिळून पाळायचे. मग पलीकडे बाभळीखाली गाडी उभी राहायची, चालणारे रस्ता ओलांडून यायचे आणि पुन्हा तेवढेच्या तेवढे आत.

यात एक गोष्ट होती, जी चौकीवरच्या कुठल्याच साहेबाला ठाऊक नसेल. बाभळीपाशी जागा नव्यानं ठरायची. जो आधी पोचेल त्याची. निंबापर्यंत मागच्या पायरीवर लटकलेला माणूस बाभळीपासून पुढं गादीवर बसू शकायचा. म्हणून शेवटची पन्नास पावलं कुणी चालत नसे, सगळे पळायचे. तुम्ही हॉर्न वाजवून त्यांना आणखी घाई करायचात आणि हसायचात. पुढच्या सीटसाठी, तुमच्या शेजारी काचेजवळ बसायला, मी किती वेळा पळाले ते मोजलेलं नाही.

तो बाजाराचा दिवस होता, दिवाळी होऊन गेलेली, तूर माझ्या डोक्याच्या वर. मी नऊ वर्षांची. सांभार विकणारी ती आजी तुम्हाला आठवत असेलच, बाबा. तुमच्या गाडीशिवाय ती दुसऱ्या गाडीत बसत नसे. सकाळी कोथिंबिरीच्या जुड्यांनी भरलेलं टोपलं घेऊन यायची आणि परत जाताना त्याच टोपल्यात नातवंडांसाठी गोडी शेव न्यायची. मला तिनं त्या दिवशी मूठभर शेव दिली होती. निंबापाशी तुम्ही मला खाली उतरवलंत आणि म्हणालात, "म्हातारीचा हात धर, माय. सोडू नोको." मी धरला. खरखरीत हात होता, त्याला सांभाराचा वास होता आणि माझी बोटं गुळानं चिकट झालेली. ती गुडघ्यांनी अधू, दर दहा पावलांवर थांबायची, आणि बाकीची माणसं आमच्या पुढं निघून चाललेली. माझा सगळा जीव त्या पुढच्या सीटवर. एक मिश्यावाला भाऊ भराभर चालत होता, त्यालाही तीच सीट हवी असणार हे मला दिसत होतं. बाभूळ समोर आली, तुम्ही हॉर्न वाजवला, आणि मी हात सोडला.

ती म्हणाली, "थांब वं माय." मोठ्यानं नाही, दमलेल्या माणसाच्या आवाजात. मी ऐकलं आणि थांबले नाही. पळत रस्ता ओलांडला, तुमच्या शेजारी चढून बसले आणि म्हटलं, "बाबा, म्या पयली आली." तुम्ही माझ्याकडे बघून हसलात, आणि मग माझ्या मागं कुणी नाही हे बघितलंत. त्यानंतर ट्रकचा आवाज आला. तुम्ही दारातून उडी टाकलीत ती मला अजून दिसते, कारण तुम्ही असे पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ट्रक पुढं जाऊन थांबला आणि त्याचा ड्रायव्हर तुरीत शिरून पळून गेला. मला खाली उतरू दिलं नाही. काचेतून मला फक्त टोपलं दिसत होतं, रस्त्याच्या मधोमध पालथं पडलेलं.

जमादार चौकीतून आला. त्याला यायला मिनिटभरही लागलं नसेल, इतकं ते सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. तुमचा जबाब घेताना त्यानं विचारलं, "पोरगी कोठी होती?" आणि तुम्ही म्हणालात, "माह्यासंगं गाडीतच होती, साहेब. उतरलीच नाई." त्यानं माझ्या फ्रॉककडे पाहिलं. घेरावर खालपासून वरपर्यंत कुसळं चिकटलेली होती, आणि गाडीत बसलेल्या पोरीच्या फ्रॉकला कुसळं लागत नाहीत हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? तरी त्यानं तुम्ही सांगितलं तेच लिहिलं. कागदावर ती आजी पायी रस्ता ओलांडणारी बाई झाली. कुणाच्या गाडीतून उतरली, कशासाठी उतरली, ते कुठंच नाही. जीप नाही, चौकी नाही, मीही नाही. तुम्ही मला घरी आणलंत, अंगणात बसवलंत आणि अंधार पडेपर्यंत एकेक कुसळ वेचून काढत बसलात. आई म्हणाली, टाका तो फ्रॉक भिजत. तुम्ही वेचतच राहिलात.

त्यानंतर ते माझ्या डोक्यातून पुसूनच गेलं. पोरगी गाडीत होती असं तुम्ही आईला सांगितलंत, स्टँडवर सांगितलंत, त्या आजीच्या दारी बसायला गेलात तिथंही सांगितलंत, आणि सगळे तेच म्हणत राहिले तसं मीही तेच धरून चालले. तुम्ही गाडी चालवायचं थांबवलं नाहीत, थांबून भागणारही नव्हतं. निंबापाशी माणसं उतरायची ती उतरतच राहिली. पण आता तुम्ही बाभळीपाशी गाडी लावून स्वतः खाली यायचात, खांद्यावरचा दुपट्टा हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभे राहायचात आणि शेवटचं माणूस पलीकडे येईपर्यंत दोन्हीकडचे ट्रक अडवून धरायचात. ट्रकवाले शिव्या द्यायचे. स्टँडवरचे तुमचे दोस्त चेष्टा करायचे की चौकीवर बिनपगारी शिपाई लागला. हॉर्न वाजवणं बंद झालं. पुढची सीट म्हाताऱ्या माणसाची ठरली, तिच्यावर दुसरं कुणी बसलं तर तुम्ही गाडी सुरूच करायचा नाहीत. मलाही तिथं पुन्हा कधी बसवलं नाहीत, आणि मी विचारलंही नाही.

मग मी पोलिसात लागले. निकाल लागला त्या दिवशी तुम्ही वाशिमहून पितळेची शिट्टी आणलीत, पांढऱ्या दोरीची. खात्यातून शिट्टी मिळते हे तुम्हाला माहीत होतं, तरी आणलीत. स्वयंपाकघरात मी चुलीपुढं बसलेले, आई भाकरी थापत होती. तुम्ही शिट्टी माझ्यापुढं धरलीत आणि हसून म्हणालात, "आता माह्याबी गाडीचं चालान करशीन का वं?" थट्टाच होती ती. जन्मभर वर्दीला सलाम ठोकलेल्या माणसाच्या घरात वर्दी आली होती, त्याला थट्टा सुचणार नाही तर काय? आणि मी म्हटलं, "पहिलं तुमचंच करीन. तुमच्यासारख्या ड्रायव्हरांमुळंच माणसं मरतात. ती सांभारवाली आजी तुमच्यामुळं मेली."

आईचा हात परातीतच थांबला. तुम्ही शिट्टी खाली ठेवलीत, माझ्या ताटाजवळ. "बराबर हाय," म्हणालात. एवढंच. मग हात धुऊन आलात, जेवायला बसलात आणि रोजच्याएवढं जेवलात. तुमचं एक वाक्य पुरे होतं, बाबा. फक्त एक, आणि मी आयुष्यात पुन्हा मान वर केली नसती. तुम्ही भाजी मागून घेतलीत.

पुढं पाच वर्षांनी तुम्ही गेलात. छातीत दुखतंय म्हणालात, शेजारच्याची गाडी काढली, मी बंदोबस्तावर होते. आई सांगते, मागच्या सीटवर तिच्या मांडीवर डोकं ठेवून तुम्ही गाडी चालवणाऱ्या पोराला म्हणत होता, "हळू चालव बाप्पा. घाई नाई." दवाखाना यायच्या आधीच संपलं. तुमच्या लायसनचं पुस्तक मी माझ्या पेटीत ठेवलं आहे. त्यातल्या फोटोत तुम्ही इतके तरुण आहात की माझा मोठा मुलगा तुमच्याहून थोराड दिसतो.

पंधरा दिवसांपूर्वीचं सांगते, म्हणजे आज हे लिहायला का बसले ते कळेल. शेतांत सोयाबीनची सोंगणी चालू आहे. संध्याकाळी एक ऑटो निंबापाशी थांबला. मी छत्रीखालून बघत होते. त्यातून बाया उतरू लागल्या त्या उतरतच राहिल्या, आठ जणी मी मोजल्या, आणि पदर खोचून पलीकडच्या कडेनं चालायला लागल्या. ऑटो माझ्यापुढं आला. ड्रायव्हर म्हणाला, "पाह्यून घ्या मॅडम, तीनच हायेत." माझ्यासोबतचा शिपाई हसला आणि मला म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम. पायदळ मानसाचं चालान कसं करता?" त्याचंही खरंच होतं. ऑटो पुढं गेला, बाभळीपाशी उभा राहिला, आणि त्या पोरानं हॉर्न वाजवला.

बाया पळाल्या. सगळ्यांच्या मागं एक म्हातारी होती, फडक्यात गुंडाळलेला विळा काखेत धरून, गुडघ्यावर हात टेकत चाललेली. रस्ता आता चार पदरी आहे, बाबा, आणि त्यावर कुणी हळू येत नाही. मी यंत्र शिपायाच्या हातात दिलं आणि पळाले. तुमची शिट्टी माझ्या खिशात असते, आजवर कधी तोंडाला लावली नव्हती. ती वाजवली, हात वर केला आणि मधोमध उभी राहिले. टँकर थांबला, बराच जवळ येऊन थांबला. मी म्हातारीचा हात धरला. ती म्हणाली, "सोड वं माय, मले येते चालता." मी सोडला नाही. पलीकडे पोचल्यावर तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "रडून काहून राह्यली? कोनाची पोरगी हायस तू?" मी म्हटलं, "काळीपिवळीवाल्याची, आजी."

ऑटोवाल्याचं चालान केलं आणि सांगितलं की तीन-तीन जणींना नेऊन सोड, चार फेऱ्या कर. बाया माझ्यावरच उखडल्या. एक जण म्हणाली, "तुमचं काय जाते, मॅडम? आमाले घरी जाऊन सैपाक कराचा हाय. लेकरं उपाशी हायेत." तिला उशीर होत होता आणि तो मी करत होते. शेवटची फेरी जाईपर्यंत मी त्यांच्यासोबत बाजूच्या लहान पुलाच्या कठड्यावर बसून राहिले. म्हातारीला पहिल्या फेरीत जा म्हटलं तर गेली नाही, लेकुरवाळ्या जाऊ दे म्हणाली. तेव्हापासून मी छत्रीखाली उभी राहत नाही, संध्याकाळी बाभळीपाशी जाऊन थांबते. साहेबांना सांगितलं की पॉइंटच तिकडं हलवा, तर म्हणाले जागा वरून ठरलेली आहे. शिपाई पोरं मला हसतात. तुमच्या दोस्तांसारखीच हसतात, त्यात वाईट काही नाही.

हे पत्र तुमच्या लायसनच्या पुस्तकात घडी करून ठेवीन. दुसरीकडे कुठं ठेवणार? आईला वाचून दाखवण्यासारखं नाही. रोज लोकांचे जबाब लिहिते, वाचून दाखवते, खाली सही घेते. हा माझा जबाबही वाचून पाहिला आणि त्यात एक वाक्य खोटं निघालं. वर मी लिहिलंय की ते सगळं माझ्या डोक्यातून पुसून गेलं होतं. पुसलं नव्हतं, एक दिवसही नाही. तुम्ही चुलीपुढं शिट्टी धरून माझ्याकडे पाहत होता तेव्हा मला वाटलं, आज हे विचारणार, हात काहून सोडला म्हणून. तुम्ही विचारायच्या आत मी बोलून टाकलं. मला तेव्हा सगळं आठवत होतं, बाबा. तिची हाकसुद्धा.